प्लेटलेटची संख्या पुरेशी असते, तरी रक्त थांबत नाही

महोदय,

तापाच्या साथी आल्या की वर्तमानपत्रांच्या पानांवर प्लेटलेट हा शब्द ठळक होतो. आपल्या दैनिकातही या विषयावरचे लेख नेमाने येतात आणि मी ते आवर्जून वाचते. त्यांतली माहिती बहुतेक वेळा अचूक असते आणि घाबरलेल्या वाचकाला धीर देणारीही असते. तरीही रक्तविकारांच्या प्रयोगशाळेत उमेदीची तीस वर्षे घालवलेली एक निवृत्त पॅथॉलॉजिस्ट म्हणून मला त्यांत एक उणीव सतत जाणवत आली आहे. या सगळ्या लिखाणात प्लेटलेटविषयी एकच प्रश्न विचारलेला असतो, तो म्हणजे त्या किती आहेत. त्या आपले काम करतात का, आणि करतात तर कशाच्या बळावर, हे कुणी विचारत नाही. प्लेटलेटचे मुख्य काम चिकटण्याचे आहे आणि ते तिच्या पृष्ठभागावरच्या काही ठरावीक प्रथिनांवर अवलंबून असते, ज्यांना आम्ही रिसेप्टर म्हणतो. हे रिसेप्टर नसतील किंवा सदोष असतील, तर रक्तात लाखो प्लेटलेट असूनही माणूस रक्तस्रावाने बेजार होतो. पत्र जरा लांबले आहे, पण विषय दोन ओळींत सांगण्यासारखा नाही.

नऊ वर्षांची एक मुलगी माझ्या आजही डोळ्यांसमोर आहे. रांगायला लागल्यापासून अंगावर काळेनिळे डाग, दुधाचे दात पडताना रक्ताने भिजलेली उशी, आणि नाकाचा घोळणा फुटला की तास-दीड तास न थांबणारी धार, अशी तिची हकीकत होती. आईने जपून ठेवलेल्या फायलीत रक्ततपासणीचे बारा-तेरा अहवाल होते आणि त्या प्रत्येकावर प्लेटलेटची संख्या अडीच ते तीन लाखांच्या दरम्यान, म्हणजे अगदी नॉर्मल होती. एका रुग्णालयातून तर त्या माउलीला, रिपोर्ट चांगला आहे, तुम्ही उगाच काळजी करता, असे सांगून परत पाठवले होते. मी त्या मुलीच्या बोटाला सुई टोचली आणि आलेला थेंब कोणत्याही नळीत न घेता थेट काचपट्टीवर पसरवला. निरोगी माणसाच्या अशा थेंबात प्लेटलेट सहसा सुट्या दिसत नाहीत, कारण बोटातून बाहेर पडून काचेवर पसरेपर्यंतच्या काही सेकंदांतच त्या एकमेकींना धरून पुंजके करतात. या मुलीच्या काचपट्टीवर जांभळट कणांचा नुसता सडा पडला होता आणि एकही कण दुसऱ्याला चिकटलेला नव्हता. मी सूक्ष्मदर्शकावरून मान वर केली, तेव्हा तिची आई लेकीच्या बोटावरचा कापूस अजून दाबूनच बसली होती.

त्या काचपट्टीवर काय घडायला हवे होते आणि का घडले नाही, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. प्लेटलेट ही पूर्ण पेशी नव्हे. अस्थिमज्जेतल्या एका अवाढव्य पेशीपासून सुटून निघालेला तो दोन-तीन मायक्रोमीटरचा तुकडा असतो, त्याला केंद्रक नसते आणि त्याचे आयुष्य ७ ते १० दिवसांचे असते. रक्ताच्या एका मायक्रोलिटरमध्ये असे १.५ ते ४.५ लाख तुकडे वाहत असतात. तांबड्या पेशी प्रवाहाच्या मधोमध गर्दी करतात आणि या लहानशा तुकड्यांना कडेला सारतात, त्यामुळे प्लेटलेट रक्तवाहिनीच्या भिंतीला जवळजवळ घासतच पुढे जाते. इटलीतील संशोधक जुलिओ बिझ्झोझेरो यांनी १८८२ च्या सुमारास जिवंत प्राण्यांच्या आतड्याभोवतीच्या बारीक रक्तवाहिन्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या आणि जिथे भिंतीला इजा होते तिथे हे कण चिकटून साठतात, हे त्यांनी नोंदवले. भिंत शाबूत असते तिथे त्या घासत जातात आणि फाटलेल्या जागीच नेमक्या थांबतात. हे त्यांना कसे कळते, याचे उत्तर मिळायला पुढे जवळजवळ शंभर वर्षे लागली.

धमनीतला प्रवाह वेगवान असतो आणि त्यात वाहणाऱ्या कणाला एका जागी थोपवणे सोपे नाही. भिंतीचे अस्तर फाटले की खालचे कोलॅजेन हे तंतुमय प्रथिन उघडे पडते आणि रक्तातले व्हॉन विलब्रँड फॅक्टर नावाचे लांबलचक प्रथिन त्याला जाऊन अडकते. एरवी ते दोऱ्याच्या गुंडीसारखे गुंडाळलेले असते. अडकल्यावर प्रवाहाच्या ओढीने ते उलगडते आणि तोवर आत दडलेली एक जागा वर येते. प्लेटलेटच्या अंगावर जीपी-वन-बी नावाचे सुमारे २५ हजार रिसेप्टर असतात, ते नेमकी ही जागा धरतात. ही पकड क्षणभराचीच असते. ती सुटते, पुन्हा लागते, पुन्हा सुटते, आणि धावती प्लेटलेट भिंतीवरून घरंगळत मंदावते. एका मर्यादेपर्यंत ओढ वाढली की ही पकड उलट अधिक वेळ टिकते, असेही प्रयोगांत दिसले आहे, आणि धमनीसारख्या ठिकाणी याहून सोयीची रचना मला सुचवता येणार नाही.

मंदावलेल्या प्लेटलेटला मग जीपी-सिक्स या दुसऱ्या रिसेप्टरद्वारे कोलॅजेनचा थेट स्पर्श होतो. तो स्पर्श आत संदेश धाडतो, प्लेटलेट आपला चपटा आकार सोडून अंगाला बारीक फांद्या फुटल्यासारखी होते, आणि एडीपी व थ्राँबॉक्सेन ही रसायने बाहेर टाकून आसपासच्या प्लेटलेटनाही जागे करते. यानंतर इंटिग्रिन कुळातल्या अल्फा-टू-बी-बीटा-थ्री या रिसेप्टरचे काम सुरू होते. प्रयोगशाळेत आम्ही त्याला जुन्या सवयीने टू-बी-थ्री-ए म्हणतो. एकेका प्लेटलेटवर तो ८० हजारांच्या घरात असतो आणि गरज पडल्यास आतल्या साठ्यातून आणखी पृष्ठभागावर येतो. शांत प्लेटलेटवर तो वाकलेला, मिटलेला असतो. आतून टॅलिन आणि किंडलिन-३ ही प्रथिने त्याच्या शेपटाला येऊन धरतात तेव्हा तो ताठ होतो, त्याची पकडीची जागा उघडते आणि रक्तातल्या फायब्रिनोजेन नावाच्या प्रथिनाला तो घट्ट धरतो. फायब्रिनोजेनच्या रेणूला दोन्ही टोकांशी धरता येते, त्यामुळे एका टोकाला एक आणि दुसऱ्या टोकाला दुसरी अशा प्लेटलेट जोडल्या जातात आणि पाहता पाहता पुंजका उभा राहतो.

या साऱ्या यंत्रणेत मला सर्वांत विलक्षण वाटते ती या रिसेप्टरची मिटून राहण्याची क्षमता. फायब्रिनोजेन रक्तात सदैव भरपूर असते. हे ८० हजार रिसेप्टर कायम उघडे राहिले असते, तर पहिल्या काही मिनिटांतच रक्तवाहिन्या तुंबल्या असत्या. चिकटण्याची पूर्ण तयारी ठेवून न चिकटता वाहत राहणे आणि आतून हुकूम मिळताच क्षणात पकड उघडणे, हे प्लेटलेटचे खरे कसब आहे. केवळ मोजणीने त्याचा पत्ता लागत नाही.

त्या नऊ वर्षांच्या मुलीच्या प्लेटलेटवर हाच रिसेप्टर जवळजवळ नव्हता. या आजाराला ग्लान्झमन थ्राँबॅस्थेनिया म्हणतात. स्वित्झर्लंडमधील बालरोगतज्ज्ञ एडुआर्ड ग्लान्झमन यांनी १९१८ मध्ये त्याचे वर्णन केले, तेव्हा त्यांना खटकली ती हीच विसंगती, की प्लेटलेटची संख्या पुरेशी असूनही रक्त थांबत नाही. त्यांच्या लक्षात आलेली दुसरी खूण आजही कुणालाही साध्या काचेच्या नळीत पाहता येते. निरोगी रक्त नळीत गोठल्यावर तासा-दोन तासांत गाठ आक्रसते, नळीच्या भिंतीपासून सुटते आणि भोवती पिवळसर पाणी साचते. प्लेटलेट आपल्या रिसेप्टरनी गाठीतल्या तंतूंना धरून आत खेचत असतात म्हणून हे घडते. ग्लान्झमनच्या रुग्णांत रक्त गोठते, पण गाठ नळीभर तशीच पसरलेली राहते. हे रिसेप्टरचे काम आहे हे कळायला १९७४ साल उजाडावे लागले. त्या वर्षी फ्रान्समध्ये अ‍ॅलन नर्डन आणि जाक काँ यांनी अशा रुग्णांच्या प्लेटलेटच्या आवरणात विशिष्ट ग्लायकोप्रोटीनची, म्हणजे हा रिसेप्टर ज्यांचा बनतो त्या प्रथिनांची, उणीव दाखवून दिली. हा आजार आई आणि वडील दोघांकडून एकेक सदोष जनुक आल्यावरच होतो. आईवडील स्वतः ठणठणीत असतात आणि म्हणून घरात कुणाला असे नाही या उत्तरावर डॉक्टरही फसतात.

याच्या उलट बाजूचा आजार म्हणजे बर्नार्ड-सुलिए सिंड्रोम. फ्रान्समधीलच जाँ बर्नार्ड आणि जाँ-पिएर सुलिए यांनी १९४८ मध्ये तो नोंदवला. यात पहिली, घरंगळवून मंदावणारी पकडच नसते, म्हणजे जीपी-वन-बीची जोडणी सदोष असते. याखेरीज प्लेटलेट आकाराने अवाढव्य होतात, कधी कधी तांबड्या पेशीएवढ्या. मोजणीचे यंत्र आकारावरून ओळखते, त्यामुळे इतक्या मोठ्या प्लेटलेट त्याच्या हिशोबातून निसटतात आणि मुळात थोडी कमी असलेली संख्या आणखीच कमी दाखवली जाते. अहवालावर फक्त आकडा वाचणाऱ्याला हा आयटीपी, म्हणजे स्वतःच्या प्रतिकारशक्तीने प्लेटलेट नष्ट होण्याचा आजार वाटतो. मी पाहिलेल्या एका तरुणाला अशा समजुतीने कित्येक वर्षे स्टेरॉइड दिली गेली होती आणि शेवटी त्याची प्लीहाही काढून टाकली होती. त्याच्या रक्ताची काचपट्टी डोळ्यांखालून घालायला दहा मिनिटे पुरली असती. त्या दहा मिनिटांचा अभाव मला आजही अस्वस्थ करतो.

आकड्याने फसवण्याचा आणखी एक प्रकार घडतो आणि त्यात रुग्ण पूर्ण निरोगी असतो. मोजणीसाठी रक्त ज्या नळीत घेतात तिच्यात रक्त गोठू नये म्हणून ईडीटीए असते. काही लोकांच्या रक्तात अशी प्रतिपिंडे असतात की ईडीटीएमुळे टू-बी-थ्री-ए रिसेप्टरचा एरवी झाकलेला भाग उघडा पडला की ती तिथे बसतात आणि नळीतल्या नळीत प्लेटलेटचे गुच्छ होतात. यंत्र प्रत्येक गुच्छाला एक कण समजते किंवा तो मोजतच नाही, आणि अहवालावर ४० हजार, ३० हजार असा आकडा येतो. रुग्णाच्या शरीरात सगळे ठीक असते. ईडीटीएऐवजी सायट्रेट असलेल्या नळीत पुन्हा रक्त घेतले आणि काचपट्टी पाहिली की उलगडा होतो, पण तोवर घरातल्यांनी रक्तदाते शोधायला सुरुवात केलेली असते. संख्या एकाएकी घसरलेली दिसली आणि अंगावर डाग नाहीत, रक्तस्राव नाही, तर काचपट्टी पाहिली का, एवढा एक प्रश्न नातेवाइकांनी निःसंकोच विचारावा.

प्लेटलेट चिकटतात की नाही, हे पाहण्याच्या चाचण्या काही नव्या नाहीत. गुस्टाव्ह बॉर्न यांनी १९६२ मध्ये लंडनमध्ये अ‍ॅग्रिगोमीटर नावाचे उपकरण वापरात आणले. भौतिकशास्त्रज्ञ माक्स बॉर्न यांचे ते चिरंजीव, आणि त्यांची युक्ती पदार्थविज्ञानाच्या विद्यार्थ्यालाही शोभणारी आहे. प्लेटलेट असलेला रक्तद्रव गढूळ असतो, त्यातून प्रकाश कमी जातो. एडीपी टाकल्यावर प्लेटलेटचे पुंजके झाले की द्रव निवळतो आणि प्रकाश अधिक जातो. कागदावर चढत जाणारी ती रेघ पाहण्याचा आनंद मी वर्षानुवर्षे घेतला आहे. ग्लान्झमनच्या रुग्णात एडीपी टाका, कोलॅजेन टाका, ती रेघ जागची हलत नाही. मात्र रिस्टोसेटिन टाकले की ती चढते, कारण रिस्टोसेटिन जीपी-वन-बीच्या वाटेने काम करते. बर्नार्ड-सुलिएच्या रुग्णात नेमके उलटे दिसते. हे रिस्टोसेटिन मुळात प्रतिजैविक औषध होते. रुग्णांच्या प्लेटलेट कमी होतात म्हणून ते वापरातून बाद झाले, आणि १९७१ पासून त्याच दोषाचा उपयोग करून ते निदानाच्या कामी आले. आता फ्लो सायटोमेट्रीने, म्हणजे एकेक पेशी लेझरच्या झोतातून नेऊन तपासण्याच्या तंत्राने, थोड्याशा रक्तात कोणता रिसेप्टर किती आहे हे थेट मोजताही येते.

आतापर्यंत लिहिलेले दोन्ही आजार दुर्मीळ आहेत हे मला मान्य आहे. पण पकडीच्या दुसऱ्या बाजूचा, म्हणजे व्हॉन विलब्रँड फॅक्टरचा दोष तसा दुर्मीळ नाही. आनुवंशिक रक्तस्रावाच्या विकारांत तो सर्वाधिक आढळतो. फिनलंडचे डॉक्टर एरिक व्हॉन विलब्रँड यांनी १९२६ मध्ये ओलांड द्वीपसमूहातल्या एका कुटुंबावर निबंध लिहिला. पाच वर्षांची एक मुलगी त्यांच्याकडे आणली गेली होती आणि तिच्या काही बहिणी रक्तस्रावानेच दगावल्या होत्या. प्लेटलेटची संख्या नॉर्मल, तरी रक्त थांबायला लागणारा वेळ फार जास्त, असे त्यांना दिसले. ती मुलगी पुढे तेराव्या वर्षी, चौथ्या मासिक पाळीच्या वेळी अतिरक्तस्रावाने मरण पावली. तिला जाऊन आता शंभर वर्षे होत आली, तरी पाळीत अति रक्तस्राव होणाऱ्या मुलींना, तुझ्या घरात सगळ्यांचे असेच असते, असे सांगून गप्प बसवले जाते. घरात सगळ्यांचे असेच असणे ही आनुवंशिक विकाराची खूण असू शकते, याकडे कुणाचे लक्ष जात नाही. सात दिवसांहून अधिक चालणारी पाळी, तासा-तासाला पॅड बदलावे लागणे, मोठाल्या गाठी पडणे आणि वारंवार हिमोग्लोबिन घटणे, असे एकत्र दिसत असेल, तर लोहाच्या गोळ्यांबरोबर व्हॉन विलब्रँड फॅक्टरचीही तपासणी झाली पाहिजे. माझ्या लेखी या पत्रातला हा सर्वांत निकडीचा मुद्दा आहे.

हेच रिसेप्टर हृदयविकाराच्या झटक्यातही असतात, हे वाचकांना क्वचितच सांगितले जाते. हृदयाच्या धमनीतला चरबीचा थर फुटतो, त्याखालचे कोलॅजेन उघडे पडते, आणि प्लेटलेट तिथे जखम समजून आपले नेहमीचे काम करतात. अ‍ॅस्पिरिन थ्राँबॉक्सेन तयार होऊ देत नाही आणि प्लेटलेटला केंद्रक नसल्याने त्यासाठी लागणारे, गोळीने निकामी झालेले विकर (एन्झाइम) ती पुन्हा बनवू शकत नाही. म्हणून गोळीचा परिणाम त्या प्लेटलेटच्या उरलेल्या आयुष्यभर टिकतो. क्लोपिडोग्रेल एडीपीचा संदेश अडवते. टू-बी-थ्री-ए रिसेप्टरलाच अडवणारे पहिले औषध, अ‍ॅब्सिक्सिमॅब, १९९४ मध्ये वापरात आले. त्यानंतरच्या एप्टिफिबॅटाइड आणि टिरोफिबॅन या औषधांची कल्पना सापांच्या विषातल्या प्रथिनांवरून सुचली. या रिसेप्टरला अडवणारी ही तिन्ही शिरेतून, थोड्या वेळापुरती द्यायची औषधे. याच रिसेप्टरला रोजच्या गोळीने अडवून ठेवण्याचे प्रयत्न झाले, तेव्हा मोठ्या चाचण्यांत मृत्यूचे प्रमाण घटण्याऐवजी वाढले आणि ती वाट सोडून द्यावी लागली. जो रिसेप्टर जन्मतः नसल्याने एका मुलीचे बालपण रक्ताच्या धास्तीत गेले, तो दुसऱ्या कुणात अडवून ठेवणे किती नाजूक काम आहे, हे यातून दिसते.

उपचारांबाबत एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. रक्तस्राव होतो म्हणजे प्लेटलेट चढवा, हा सरसकट विचार ग्लान्झमनच्या रुग्णाला घातक ठरू शकतो. दात्याच्या प्लेटलेटवर टू-बी-थ्री-ए असतो आणि रुग्णाच्या शरीराने तो कधी पाहिलेलाच नसतो, त्यामुळे त्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात आणि पुढे खऱ्या संकटात चढवलेल्या प्लेटलेट टिकत नाहीत. लहानसहान रक्तस्रावाला दाब, झालेली गाठ विरघळू न देणारे ट्रॅनेक्झामिक अ‍ॅसिड, दातांची निगा आणि अ‍ॅस्पिरिन-आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामकांपासून दूर राहणे यांनी पुष्कळ काम भागते. प्रतिपिंडे झालेल्यांसाठी रिकॉम्बिनंट फॅक्टर सेव्हन-ए हे रक्त गोठवणारे, प्रयोगशाळेत बनवलेले प्रथिन उपलब्ध आहे. प्लेटलेट मोठ्या शस्त्रक्रियेसाठी आणि जिवावरच्या प्रसंगासाठी राखून ठेवाव्यात.

त्या मुलीच्या दप्तरात आम्ही एक कार्ड ठेवायला दिले होते. त्यावर निदान, रक्तगट, टाळायची औषधे आणि आमच्या विभागाचा दूरध्वनी क्रमांक होता, आणि खाली तिच्या आईने स्वतःच्या अक्षरात लिहिले होते, की हिच्या प्लेटलेटची संख्या नॉर्मल येईल, त्यावर जाऊ नये.

आपल्या आरोग्य पुरवणीत प्लेटलेटवर पुढचा लेख येईल तेव्हा त्यात संख्येबरोबर त्यांच्या चिकटण्याविषयीही लिहिले जावे, आणि वारंवार घोळणा फुटणे, कारणाविना काळेनिळे डाग पडणे, दात काढल्यावर तासन् तास रक्त वाहणे व पाळीतला अति रक्तस्राव ही लक्षणे चौकटीत छापली जावीत, अशी माझी विनंती आहे. निरोगी रक्ताच्या आणि ग्लान्झमनच्या रुग्णाच्या काचपट्ट्यांची छायाचित्रे माझ्या संग्रही आहेत. रुग्णाची ओळख उघड होणार नाही याची काळजी घेऊन ती शेजारी शेजारी छापायला मी आनंदाने देईन.

आपली विश्वासू,
एक निवृत्त पॅथॉलॉजिस्ट